चौक्याच्या अंगणातला हिमालय

मी हिमालय पाहिलेला नाही. मात्र हिमालयात चालायला जी तयारी लागते ती झाडून सगळी मी केलेली आहे; मालवणात, फाल्गुन महिन्यात, अंगात लोकरीचा कोट घालून. त्यामुळे तिकडे थंडी किती असते ते मला सांगता येणार नाही, पण त्या थंडीसाठी घाम किती गाळावा लागतो ते कुणीही येऊन विचारावं.

साठ सालच्या मागेपुढची गोष्ट. मी तेव्हा विशीतली, मॅट्रिक पास, आणि म्हणून आपल्याला सगळं कळतं अशा ठाम समजुतीची. (नापास असते तर पुढचं बरंच टळलं असतं.) आमचं घर मालवणात, मेढ्यात. समुद्र इतका जवळ की भरतीच्या वेळी आईला आवाज चढवून बोलावं लागे, आणि ओहोटी लागली तरी ती तो खाली आणत नसे. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातला बहुतेक काळ बाहेर. घरात राज्य आजोबांचं. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा एके काळचे तांडेल. मालाचा पडाव, म्हणजे गलबत, शिडावर मंगळूरला न्यायचा, मुंबईला आणायचा, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. पडाव केव्हाच गेला होता, पण तांडेलपण अंगात राहिलं होतं. जेवायच्या पाटावरसुद्धा ते वारा बघून बसत.

माझा थोरला भाऊ, दादा, मुंबईला कचेरीत होता. तिथे त्याला सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणाऱ्या मंडळींची संगत लागली होती. या मंडळींनी चैत्राच्या तोंडाला हिमालयात आठवडाभर पायी फिरायचं ठरवलं. सोबत एक डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांना बाईमाणसाची जोड हवी म्हणून दादाने परस्पर माझं नाव सांगून टाकलं. मग तो गावी आला तेव्हा पडवीत बसून त्याने मला तिकडचा वसंत समजावला. तिकडे वसंत म्हणजे फुलं नव्हेत. बर्फ असतंच, पण भरवशाचं नसतं. पहाटे कातळासारखं घट्ट, आणि ऊन वर आलं की उकडीसारखं मऊ; पाय मांडीपर्यंत आत जातो, नाहीतर वरचा थर सगळाच्या सगळा खाली येतो. म्हणून काळोखात निघायचं आणि दुपारच्या आत मुक्काम गाठायचा. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं म्हणून गडद चष्मा, कातडी जाळतं म्हणून तोंडाला पांढरं मलम. कपडे एकावर एक. हातात टोकदार काठी. आणि मुलींनीही पँट.

'पँट' हा शब्द ऐकून आई चुलीपासून उठून बाहेर आली. "शिमगो सरल्यार चौक्याचे लोक चेडवाक बघूक येवचे आसत," एवढंच ती भिंतीला उद्देशून बोलली आणि परत आत गेली.

चौके गावचं ते स्थळ चांगलं होतं. घर खातंपितं, मुलगा मुंबईला गोदीत. माझा फोटो त्यांच्याकडे गेला होता. (फोटोत मी एका कुंडीशेजारी उभी होते आणि दोघींपैकी कुंडी जास्त हसरी होती.) पण माझं मन स्थळात नव्हतं. तोवर मी चढले होते ती सगळ्यांत उंच जागा म्हणजे आमचा पोटमाळा. आम्ही समुद्रकाठची माणसं. जे बघायचं ते डोळ्यांच्या रेषेत. बोट निघाली की आधी तिचं अंग बुडतं, मग वरचं टोक, मग नुसती रेघ राहते. वडील दर वेळी तसेच जात. मी लहानपणापासून धक्क्यावर टाचा उंच करून बघत असे, आणि टाचा उंच केल्याने फारसं काही जास्त दिसत नसे. मला एकदा अशा जागी उभं राहायचं होतं जिथून खालचं सगळं एका नजरेत दिसेल. कोण येतंय, कोण जातंय, गेलेलं कुठवर पोचलंय. हे मी तेव्हा कुणाला असं सांगितलं नव्हतं. मी सांगत असे ते 'हवापालट', 'अनुभव' आणि 'देशदर्शन'.

आबा नाही म्हणणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि त्यांच्या नाहीला उत्तर म्हणून एक लांबलचक भाषण पाठ केलं होतं. ते फुकट गेलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवास म्हटलो म्हणजे तयारी व्हयी." मग चुलीतला कोळसा मागवला, सारवलेल्या जमिनीवर दादाने सांगितलेली वाट काढली आणि हिमालय आपल्या अखत्यारीत घेतला. तंबू टाकायच्या जागा म्हणजे बंदरं. खिंड म्हणजे खाडीचं तोंड. तिथे सकाळीच शिरायचं. वारा कुठल्या अंगाने येतो, अडकलं तर आडोसा कुठे, मागे फिरायचं ठरलं तर ते कुठल्या जागेपर्यंत ठरवता येतं, असं सगळं त्यांनी दादाला विचारलं. दादाने अर्ध्याची उत्तरं दिली आणि अर्ध्याला टोपी काढून डोकं खाजवलं.

"पिवच्या पाण्याचां काय?" आबांनी मला विचारलं.

मी शहाणपणाने हसले. "आबानू, थंय सगळां बर्फच आसता. पाण्याक काय तोटो?"

"दर्यातय सगळां पाणीच आसता गो," आबा म्हणाले.

इथवर आबांचं बरोबर होतं असं दादासुद्धा म्हणाला. म्हणूनच पुढचं ते जे बोलले तेही मी बरोबर मानलं, आणि घात झाला. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी त्या काळी इतकी बारीक होते की वाळत घातलेल्या लुगड्यामागे उभी राहिले तर आई लुगडं काढून न्यायची आणि मला विसरायची. आबा म्हणाले, उंचावर वारा असणार, रिकामा पडाव वाऱ्यात कलंडतो, तेव्हा मला निरम पाहिजे. निरम म्हणजे पडावात माल नसला की तो सरळ राहावा म्हणून तळाला भरतात ते दगडधोंडे. हिमालयाला आपल्याकडून दगड न्यायचे हे जरा विचित्र दिसेल म्हणून नारळ ठरले. पिशवीच्या तळाला नारळ, वर कपडे. नारळ खाता येतात. खाल्लं की हलकं होणारं निरम याआधी कुठल्याही तांडेलाने वापरलं नसेल.

दादाने हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण त्याआधी मीच त्याला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. आकृतीही काढली असती, पण जमिनीवर हिमालय होता.

दादा मुंबईला परत गेला आणि मी तयारीला लागले. अन्न म्हणून खाजं, खटखटे लाडू आणि सुके बांगडे. (बांगड्यांच्या वासाने अस्वलं लांब राहतील हा विचार माझा. ती जवळ येतील हा विचार आईचा.) बर्फावर चालायचा सराव म्हणून मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा माणसाने विचारलं, "कशाक व्हया?" मी म्हटलं, "पायांक." त्याने मला बिचारी समजून एक लादी बाजूला काढून दिली. मी त्या लादीवर अनवाणी उभी राहिले, एक पाऊल पुढे टाकलं, आणि सबंध कारखान्याच्या देखत भुशात बसले. उरलेला आठवडा गल्लीतली मांजरं माझ्या पायांमागून फिरत होती.

मग कपडे. लोकर म्हणून घरात एकच वस्तू होती, आबांचा कोट. कुठल्याशा गोऱ्या कप्तानाने त्यांना दिलेला, पितळी गुंड्यांचा, गुडघ्याच्या खाली जाणारा. पँट दादाची जुनी, कमरेला सुंभाने बांधलेली. बूट वडिलांचे, बोटाच्या जागी सावरीचा कापूस भरलेले. शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू काढल्यानंतर त्यांना दिलेला हिरवा चष्मा मी मागून आणला. काठी म्हणून वल्ह्याचा दांडा. कानटोपी. आणि पांढरं मलम मालवणात मिळेना म्हणून तांदळाचं पीठ खोबरेल तेलात कालवून केलेलं माझं स्वतःचं.

तयारी झाली तेव्हा आबांनी शेवटची अट घातली. नवा पडाव कुणी एकदम लांबच्या सफरीला काढत नाही, आधी जवळपास फिरवून बघतात. "भरल्या वजनान वालावल, थयसून कसाल, कसालसून घराक. आपल्या पायांनी इलंस तर तुझ्या बापाशीक मी सांगतंय. गाडयेत बसान इलंस तर ह्या मोसमात बंदरातच."

वालावलला माझी आते राहायची, देवळाच्या बाजूला. तिथे मुक्काम, मग कसालला ओळखीच्यांकडे मुक्काम. म्हणजे हिमालयाइतकी नाही तरी चांगली दोन-तीन दिवसांची चाल, पहिला टप्पा चौक्यावरून. आबांनी पंचांग काढलं, बोटांवर काही मोजलं आणि होळीनंतरची एक पहाट नेमून दिली. भरतीची वेळ बघत असतील असं मला वाटलं. (चौक्याच्या वाटेला भरती कशाला बघायची, हा प्रश्न मॅट्रिक पास मुलीला पडला नाही.)

एकटी मुलगी सोडायची नाही म्हणून आई बरोबर निघाली. अनवाणी, डोक्यावर एक गाठोडं, नेहमीचं लुगडं. वाटेवर पाय ठेवायच्या आधी ती थांबली आणि मला नीट बघून म्हणाली, "वाटेर माका आये म्हणान हाक मारू नको."

मग ती भराभरा पुढे गेली. मी मागे. आमच्यामध्ये तिने इतकं अंतर ठेवलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आपल्या वाटेने चाललीय आणि तिच्या मागून जे येतंय त्याच्याशी तिचा काही संबंध नाही.

काळोख होता तोवर मजा वाटली. कुंभारमाठाची चढण लागली आणि सूर्यही त्याच वेळी चढायला लागला. फाल्गुनातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे बाकीच्या लोकांचा वैशाख. कोटाच्या आत मी शिजत होते. पण मी नियम केला होता की सराव म्हणजे सराव. हिमालयात गुंडी काढली तर माणूस गारठून मरेल, तेव्हा इथेही गुंडी काढायची नाही. बुटांत घाम साठून पावलागणिक पचक पचक वाजत होता. तोंडावरच्या पिठाची आंबोळी भाजून तयार झाली होती आणि कडेने सुटत होती. पाठीवर नारळ एकमेकांवर आपटत होते. आई पुढे, मान ताठ, जणू बाजाराला. ती हीच वाट जन्मभर चालत आलेली, लाकडांच्या, भाताच्या, आजारी मुलांच्या ओझ्यासकट. त्याला कधी कुणी तयारी म्हटलं नव्हतं. हे मला आज सुचतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच सुचत होतं की ही बाई थांबत का नाही.

चौक्याजवळ आलो तेव्हा ढोल ऐकू आले. ढोल आठवडाभर मालवणातही वाजत होतेच. पण त्या दिवसांत मी मनाने इतकी हिमालयात होते की ढोल वाजले तरी मला कडे कोसळताहेत असं वाटे. पहाडातला वसंत कधी लागतो, बर्फ कधी सुटतं, हे मला तोंडपाठ होतं. आपल्या गावात शिमगा चालू आहे, हे मी विसरले होते.

आमच्याकडे शिमग्यात वाटेवर दोरी धरतात. 'शबय, शबय' म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागतात आणि दिले की दोरी खाली टाकतात. आईने पैसा दिला, ती पलीकडे गेली. मग दोरीवाल्यांनी मला पाहिलं. कप्तानाचा कोट, हिरवा चष्मा, पांढरं तोंड, हातात वल्हं. दोरी त्यांच्या हातातून आपोआप खाली पडली.

"खंयच्या वाडीचां सोंग रे ह्यां?" एकाने विचारलं.

"मालवणचां असतलां. आमच्याकडे ह्यां डोक्यां नाय," दुसरा म्हणाला. 

सोंग म्हणजे शिमग्यात वेश काढून दारोदार नाचणारा. आमच्याकडे सोंगं बाप्ये घेतात. बायका अंगणात उभ्या राहून बघतात आणि नारळ देतात. तेव्हा मी कोण असेन याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. आणि मला तोंड उघडता येईना, कारण आवाज निघाला की चौक्यात ओरड होणार, मालवणच्या तांडेलाची नात पँट घालून फिरते. मी आईकडे पाहिलं. आई पुढे गेली होती, थांबली होती, आणि पाठमोरी उभी राहून एका आंब्याचा मोहर बघत होती.

"बोलणां नाय मगे?" 

"मुकां सोंग आसा. नवीन तऱ्हा." 

झालं. त्यांनी मला उचललंच. पुढे ढोल, मागे ताशा, मध्ये मी. घरोघर अंगणात उभं करायचे आणि नाचायला लावायचे. मला कुठलाही नाच येत नव्हता. पण बुटांत सावरीचा कापूस आणि पाठीवर नारळ असले की माणूस जे काही करतो त्याला लांबून नाच म्हणता येतं. मी दोन पावलं टाकली की निरम डावीकडे जाई, मी सावरायला उजवीकडे जाई, आणि लोक पोट धरून हसत. आबांनी सांगितलेलं खरं होतं, निरमाने मी पडत नव्हते. तिसऱ्या अंगणात कुणीतरी पाठीवरची पिशवी उघडली, आतले नारळ मंडळाच्या वाट्याचे समजून काढून घेतले, आणि माझा गुरुत्वमध्य चौक्यातच राहिला.

त्यांच्यातही एक सोंग होतं, बाईचं. नऊवारी लुगडं, नाकात नथ, नथीखाली मिशी. मंडळींनी ठरवलं, कप्तान आणि ही बाई यांचा जोडीने नाच. गिरकी घेताना माझी बाही वर सरकली. नथवाला एकदम जवळ आला, नाचता नाचताच वाकला आणि हळूच म्हणाला, "काकणां आत घे."

मी खाली पाहिलं. मनगटावर माझ्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. मी त्या आत ढकलल्या. त्यानंतर तो असा नाचू लागला की लोकांच्या आणि माझ्यामध्ये सतत त्याचं लुगडं असे.

पुढचं अंगण मोठं होतं, पोफळीच्या बागेच्या कडेला. ओटीवर घरची माई उभी होती, पदर खोचून. आई बायकांत येऊन बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे चौक्याचं घर. तेच घर.

माईंनी आईला ओळखलं. चहापाणी विचारलं. मग माझ्याविषयी बोलणं निघालं. हे मला नंतर आईकडून कळलं, पण ते चाललं तेव्हा मी तिथेच समोर, हातभर अंतरावर, वल्हं गरागरा फिरवत होते.

"चेडवाक हाडलास नाय?" माईंनी विचारलं.

"घराकडे आसा. शिवणकाम करता." 

"शांत आसा म्हणतत." 

आईने माझ्याकडे पाहिलं. "आज तरी त्याच्या तोंडातसून शब्द फुटाक नाय," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यात तेवढंच ती खरं बोलली.

ढोल वाढला. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि दादाने सांगितलंच होतं की दुपारच्या आत मुक्काम गाठावा, नाहीतर वरचा थर सगळाच्या सगळा खाली येतो. तो आला. हिरव्या चष्म्यात अंगण काळं झालं आणि मी माईंच्या तुळशीसमोर आडवी झाले. कुणीतरी कळशीभर पाणी ओतलं. पीठ धुपलं, टोपी गळाली आणि माझी वेणी मातीत पडली.

ढोल थांबला. शिमग्यात ढोल थांबला की किती शांत होतं ते मला तेव्हा कळलं. कोणीतरी म्हणालं, ही तर मुलगी. कोणी म्हणालं, कोणाची?

आईला गप्प बसता आलं असतं. आई म्हणून हाक मारू नको, असं तिने निघतानाच सांगितलं होतं. ती उठून घरी निघून गेली असती तर माझं नाव चौक्यात कुणाला कळलंही नसतं. डोळे अर्धवट उघडे ठेवून मी पडले होते आणि मला तिचे पाय दिसले, धुळीने भरलेले, माझ्याकडे येताना.

"ह्यां माझां चेडू," आई म्हणाली. मग थोडं थांबून, त्या सबंध वाडीला ऐकू जाईल असं, "हिमालयात जातलां."

मला ओटीवर नेलं. माईंनी कोटाच्या गुंड्या काढल्या, कोकमाच्या आगळाचं पाणी पाजलं, पायांतले बूट काढून बाहेर ओतले. रागावल्या आहेत की हसत आहेत ते कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "कित्याक जावचां आसा तुका थंय?"

हवापालट, अनुभव, देशदर्शन यांतलं मला काही आठवेना. मी म्हटलं, "वरसून बघूचां आसा."

"काय?" 

"आसा तां सगळां." 

समोर पोफळींच्या वर, अगदी लांब, सह्याद्रीची निळी रेघ दिसत होती. माई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, ही बाई या ओटीवरून रोज ती रेघ बघत असणार, आणि तिला कधी कुणी कोट दिला नाही.

मग आतून एक उंच मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. सदरा, लेंगा, नाकावर नथ दाबून धरल्याचा लाल वळ. शिमग्याला मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा. मुलगी बघण्याच्या तऱ्हा अनेक असतील, पण मुलगी पँटीत आणि मुलगा लुगड्यात अशी एकच झाली असावी. चहापोहे नव्हते एवढंच.

परत आलो ते बैलगाडीतून. आबा दारातच बसले होते. गाडीकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. ओढून आणलेला पडाव त्या मोसमात बाहेर पडत नाही. मी रागाने विचारलं, शिमगा चालू होता, एवढं पंचांग बघून तुम्हाला कळलं नाही?

"कळलां म्हणानच तो दिवस धरलंय," आबा म्हणाले. "पँट घालून चेडू मालवणासून चौक्यापर्यंत गेलां आणि कोणी नाव काढूक नाय. वरसाच्या दुसऱ्या खंयच्या दिवशी जातलां असतां?"

कुणाला दिसू नये म्हणून धुकं बघून पडाव काढावा तसा त्यांनी मला शिमगा बघून बाहेर काढला होता. मी उन्हात कोट घालीन हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. "कोट थंय पोचल्यार घालूचो आसता," ते म्हणाले, "थंय जाताना न्हय."

"मग ह्या वरसा नाय?" 

"पुढल्या मोसमात." 

दादाची मंडळी जाऊन आली. नाकाची सालं काढून आणि धुक्याचे फोटो घेऊन. चौक्याहून बोलणं पक्कं झाल्याचा निरोप आला. माईंनी त्यात एवढंच कळवलं होतं की मुलगी वजन उचलते. पुढच्या मोसमात माझं लग्न झालेलं होतं. त्याच्या पुढच्या मोसमात माझ्या मांडीवर मूल होतं, मग दुसरं. मग माईंचं दुखणं, मग शेती. मला कुणी कधी नको म्हटलं नाही. नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येत होतं. पण 'पुढल्या मोसमात' म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि पुढेपुढे तर ते म्हणणारी मीच होते.

आबांनी लग्नात मला तो कोट दिला. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यात मी नवी सून म्हणून हातात नारळ घेऊन ओटीवर उभी राहिले, आणि अंगणात ढोलाबरोबर शिरलं ते माझंच सोंग. पितळी गुंड्यांचा कोट, हिरवा चष्मा, तोंडाला तांदळाचं पीठ, हातात वल्हं, मनगटात हिरव्या बांगड्या. आत आमचे हे. वाडी हसून लोळत होती. माई माझ्याकडे चोरून बघत होत्या, मी रडते की काय म्हणून. मी नारळ दिला आणि यांच्या कानात म्हटलं, पाय चुकतोय. बूट जड असतात, पाऊल आधी उपटायचं आणि मग टाकायचं. त्या वर्षी बक्षीस त्यांना मिळालं.

'हिमालय' हे सोंग तेव्हापासून चौक्यात आहे. यांचे गुडघे गेले तसं ते वाडीतल्या मुलांकडे गेलं. कोट विरला, तो मी तीनदा शिवला. यंदाही सोंगवाले आले होते. नाच झाल्यावर कोटातला हिमालय धापा टाकत ओटीजवळ आला आणि म्हणाला, "आजये, औंदा बरो झालो मां?"

मी त्याला नारळ दिला, गुंड्या काढायला लावल्या, आगळाचं पाणी पाजलं, आणि सांगितलं की बरा झाला, पण पाठीवर वजन नाही म्हणून डुलत होता. पुढल्या मोसमात निरम घेऊन ये.